ट्रिक-ऑर-ट्रीटवरचे टीव्ही स्पेशल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर लागला की मराठी आईबाबांची ठरावीक विचारणा सुरू होते. मुलांना शाळेतून हॅलोविनचं वेड लागलेलं असतं. भुताखेतांचे सिनेमे दाखवायचे नसतात, पण त्या रात्रीची मजा घरात यावी असं मात्र वाटत असतं. या पानावर मी अशाच टीव्ही कार्यक्रमांबद्दल लिहिलं आहे, ज्यांत ट्रिक-ऑर-ट्रीट नुसतं सजावटीपुरतं येत नाही. त्यांत मूल अनोळखी दारात उभं राहून मागतं, आणि पिशवीत काय पडतं यावर पुढची गोष्ट ठरते. हॅलोविनच्या कार्यक्रमाची कसोटी माझ्या लेखी हीच आहे. भूत किती भयानक आहे, हे मी बघत नाही.

ट्रिक-ऑर-ट्रीटचे नियम काय असतात?

३१ ऑक्टोबरला अंधारून आलं की अमेरिका आणि कॅनडातली मुलं सोंगं घेऊन आपल्या वस्तीत फिरतात. ज्या घराच्या दारावरचा दिवा चालू असेल तिथे बेल वाजवायची, ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणायचं, पिशवी पुढे करायची, कँडी पडली की ‘थँक यू’ म्हणून पुढचं घर गाठायचं. दिवा बंद असेल तर त्या घरी जायचं नाही. खाऊ दिला नाहीत तर खोडी काढू, ही धमकी आता नावापुरतीच उरली आहे. शिमग्याला संकासुर आणि राधा दारोदार पोस्त मागत फिरतात, ते कोकणात ज्यांनी पाहिलंय त्यांना हे दृश्य परकं वाटणार नाही.

ही प्रथा वाटते तितकी जुनी नाही. वेश पालटून घरोघर जाण्याची रीत स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये पूर्वापार होती, पण आजच्या रूपातलं ट्रिक-ऑर-ट्रीट विसाव्या शतकातलं. १९२०च्या दशकात कॅनडातल्या वर्तमानपत्रांत त्याचे उल्लेख सापडतात. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धामुळे १९४२ ते १९४७ साखरेचं रेशनिंग होतं, तेव्हा मुलांना वाटायला गोड काही नसायचंच. रेशनिंग उठलं, शहरांबाहेर नव्या वसाहती झाल्या, घरोघरी टीव्ही आला आणि ही चाल देशभर पसरली. टीव्ही आणि ट्रिक-ऑर-ट्रीट एकाच काळात, एकाच वस्त्यांमध्ये वाढले. म्हणूनच एकमेकांत इतके मिसळले.

‘स्पेशल’ म्हणजे काय? मालिकेतला हॅलोविनचा एपिसोड तो स्पेशलच ना?

काटेकोरपणे बघितलं तर नाही. स्पेशल हा स्वतंत्र कार्यक्रम असतो, बहुतेक वेळा जाहिराती धरून अर्ध्या तासाचा. तो वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवसांत लागतो. मालिकेतला एपिसोड हा मालिकेचाच भाग असतो. लोक बोलताना दोन्हींना स्पेशलच म्हणतात, म्हणून इथे दोन्ही घेतले आहेत.

एकच बघायचं असेल तर कोणतं?

‘इट्स द ग्रेट पम्पकिन, चार्ली ब्राऊन’. याबाबत मला जराही शंका नाही.

हे स्पेशल २७ ऑक्टोबर १९६६ रोजी सीबीएस वाहिनीवर पहिल्यांदा दाखवलं गेलं. कथा ‘पीनट्स’ या चित्रकथेचे जनक चार्ल्स शुल्झ यांची, दिग्दर्शन बिल मेलेंडेझ यांचं, निर्मिती ली मेंडेलसन यांची आणि संगीत व्हिन्स ग्वाराल्डी यांचं. आदल्या वर्षी याच मंडळींनी चार्ली ब्राऊनचं ख्रिसमस स्पेशल केलं होतं. पात्रांचे आवाज खऱ्या मुलांचे आहेत, त्यामुळे बोलण्यात लहान मुलांचा अडखळतेपणा आणि मध्येच येणारा ठाम सूर दोन्ही जसेच्या तसे ऐकू येतात. ग्वाराल्डी जॅझ पियानोवादक होते. मुलांच्या कार्टूनला त्यांनी दिलेलं संगीत आजही ऐकलं जातं.

गोष्टीचे दोन धागे आहेत. एका धाग्यात चार्ली ब्राऊन आणि बाकीची मुलं सोंगं घेऊन घरोघर फिरतात. दुसऱ्यात लायनस हा मुलगा भोपळ्याच्या शेतात रात्रभर बसून राहतो. हॅलोविनच्या रात्री सगळ्यांत प्रामाणिक शेतातून ‘ग्रेट पम्पकिन’ वर येतो आणि मुलांना खेळणी वाटतो, अशी त्याची श्रद्धा आहे. चार्ली ब्राऊनची धाकटी बहीण सॅली लायनसवर भाळलेली आहे, म्हणून ट्रिक-ऑर-ट्रीट सोडून तीही त्याच्याबरोबर शेतात बसते.

चार्ली ब्राऊनला दगड का मिळतात?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असावा. कार्यक्रमात त्याचं उत्तर दिलेलं नाही, आणि ते न दिल्यामुळेच तो प्रसंग इतका टिकला.

नीट बघा काय होतं ते. चार्ली ब्राऊनने भुताचं सोंग घेतलंय. म्हणजे अंगावर चादर टाकून डोळ्यांसाठी भोकं पाडायची, इतकं साधं काम. पण कात्री हाताला नीट लागली नाही, त्यामुळे चादरभर भोकंच भोकं झाली आहेत. मुलं एका घरी जातात, बाहेर येतात आणि आपापल्या पिशव्या तपासतात. एकाला चॉकलेट बार, दुसऱ्याला पॉपकॉर्नचा गोळा. चार्ली ब्राऊन सांगतो, मला दगड मिळाला. पुढच्या घरी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या घरीही दगडच. तो रडत नाही, तक्रार करत नाही. बाकीच्यांनी जसं आपलं सांगितलं, तसंच तोही सांगतो.

शुल्झ यांच्या या जगात मोठी माणसं पडद्यावर दिसत नाहीत. त्यामुळे दगड टाकणारा हात कुणाचा, ते कळायला मार्ग नाही. मुलाच्या नजरेतून अन्याय असाच दिसतो. पलीकडे कुणीतरी मोठं आहे, त्याने ठरवलंय, आणि आपल्या पिशवीला आता वजन आहे. हे स्पेशल लागल्यानंतर कितीतरी मुलांनी चार्ली ब्राऊनसाठी कँडी पाठवली होती. त्यांना हा प्रसंग बरोबर कळला होता.

सॅली शेवटी इतकी का चिडते?

कारण तिचं खरोखर नुकसान झालंय. वर्षातून एकदा येणारी रात्र तिने एका मुलाच्या शब्दावर शेतात बसून घालवली. रात्री जो आकार भोपळ्यांतून वर येतो तो चार्ली ब्राऊनच्या स्नूपी या कुत्र्याचा निघतो, आणि तोच ग्रेट पम्पकिन समजून लायनस बेशुद्ध पडतो. मग सॅली लायनसला जे काही सुनावते, ते पूर्ण ऐकाच. तिला भरपाई हवी आहे, कोर्टात खेचायची भाषाही ती करते. प्रेमात पडलेली मुलगी गप्प बसून सोसते अशा गोष्टी त्या काळात पुष्कळ होत्या. इथली मुलगी आपल्या कँडीचा हिशोब मागते. मुलींबरोबर बघताना हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो.

लूसी दुष्ट आहे का?

तसं वाटतं खरं, पण तिच्यावर दोन प्रसंग आहेत ते बघितल्याशिवाय मत बनवू नका. दारोदार फिरताना लूसी, म्हणजे लायनसची मोठी बहीण, आपल्या ‘मूर्ख’ भावासाठी म्हणून एक जादा कँडी मागून घेते, आणि असं मागायला लाज वाटते हेही सांगते. मग पहाटे चार वाजता ती उठते, लायनसचा पलंग रिकामा दिसतो, तशीच शेतात जाते, थंडीने कुडकुडणाऱ्या त्याला हाताला धरून घरी आणते, त्याचे बूट काढते आणि पांघरूण घालते. या सगळ्यात ती एक शब्दही बोलत नाही. मोठ्या बहिणीवर टीव्हीने याहून खरं काही दाखवल्याचं मला आठवत नाही.

‘ग्रेट पम्पकिन’ आता कुठे बघायला मिळतं?

सीबीएसने हे स्पेशल २००० सालापर्यंत दाखवलं, त्यानंतर २०१९ पर्यंत एबीसी वाहिनीने. २०२० मध्ये हक्क अ‍ॅपलच्या स्ट्रीमिंग सेवेकडे गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते साध्या टीव्हीवर लागणार नाही हे कळल्यावर अमेरिकेत बरीच ओरड झाली. २०२१ मध्ये पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर ते एकदा दाखवण्यात आलं. अ‍ॅपलची सेवा भारतातही आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईत बसूनही बघता येतं.

‘गारफिल्ड’चं स्पेशल लहान मुलांना दाखवावं का? भीती वाटेल का?

‘गारफिल्ड्स हॅलोविन अ‍ॅडव्हेंचर’ ३० ऑक्टोबर १९८५ रोजी सीबीएसवर लागलं आणि पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेटेड कार्यक्रमाचा एमी पुरस्कार मिळाला. पाच-सहा वर्षांच्या मुलाला उत्तरार्धात भीती वाटू शकते, तेव्हा पहिल्यांदा शेजारी बसा. पण दाखवा जरूर, कारण ट्रिक-ऑर-ट्रीटमधला हावरटपणा इतक्या मोकळेपणाने दुसऱ्या कुणी मांडलेला नाही.

गारफिल्ड हा बोका सकाळी उठतो आणि त्याला समजतं की आज घरोघर जाऊन फुकट कँडी मिळणार. त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरतच नाही. ओडी या कुत्र्याला तो बरोबर घेतो ते दोस्तीखातर नव्हे, तर दोन पिशव्या म्हणजे दुप्पट माल म्हणून. माळ्यावरची जुनी पेटी उघडून दोघं समुद्री चाच्यांचे वेश करतात. आपली वस्ती संपली तरी समाधान होत नाही, म्हणून नदीपलीकडची घरं गाठायला ते होडीत बसतात. ओडीला वल्ही बाहेर काढायला सांगितलं तर तो ती पाण्यातच टाकून देतो. वाहत वाहत होडी एका ओसाड घरापाशी लागते. तिथला म्हातारा सांगतो की शंभर वर्षांपूर्वी इथे चाच्यांनी धन पुरलं होतं आणि आज मध्यरात्री ते परत येणार आहेत. पुढचं बघाच. पाण्यावरून येणाऱ्या त्या जहाजाची चित्रं आजही अंगावर येतात, आणि ती हाताने काढलेली आहेत.

हे स्पेशल मी वरच्या यादीत धरते ते भुतांमुळे नाही. नदीत बुडणाऱ्या गारफिल्डला ओडी वाचवतो. कँडीने भरलेली होडीही सापडते. घरी आल्यावर गारफिल्ड ओडीला त्याचा पुरता वाटा काढून देतो. सुरुवातीपासून ओडीच्या वाट्याला फारसं काही येऊ नये असा गारफिल्डचा बेत होता, हे लक्षात ठेवून ती वाटणी बघा.

‘सिम्पसन्स’ला यादीत वर जागा का नाही?

‘ट्रीहाऊस ऑफ हॉरर’, म्हणजे ‘सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेचे दरवर्षीचे हॅलोविन भाग, मला आवडतात. २५ ऑक्टोबर १९९० पासून त्यांनी ही परंपरा चालवली आहे. पण त्यात ट्रिक-ऑर-ट्रीट बहुधा चौकटीपुरतंच येतं. पहिल्या भागात मुलं कँडी गोळा करून झाडावरच्या घरात बसतात आणि एकमेकांना भयकथा सांगतात. १९९१ च्या भागात जास्त कँडी खाऊन झोपल्यामुळे वाईट स्वप्नं पडतात, आणि ती स्वप्नं म्हणजेच गोष्टी. भयकथांच्या विडंबनाला तोड नाही. दारातला प्रसंग हवा असेल तर दुसरीकडे बघावं लागतं.

साठच्या दशकातलं काही आहे का? ‘बिविच्ड’बद्दल ऐकलं होतं.

आहे, आणि ते अजून ताजं आहे. ‘बिविच्ड’ची नायिका समॅन्था ही चेटकीण, नवरा डॅरिन साधा जाहिरातवाला. साहजिकच हॅलोविन हा तिच्या घरात नाजूक विषय. पहिल्याच मोसमात, ऑक्टोबर १९६४ मध्ये, डॅरिनला एका कँडी कंपनीसाठी जाहिरात करायची असते आणि मालकाला जाहिरातीत नाकावर चामखीळ असलेली कुरूप चेटकीण हवी असते. समॅन्था आणि तिच्या नातेवाइकांना यात आपला अपमान वाटतो. पुढच्या वर्षीच्या भागात समॅन्थाची आई एन्डोरा लहान मुलीचं रूप घेऊन डॅरिनच्या दारात उभी राहते आणि त्याचा हळूहळू लांडगा करून टाकते.

माझा आवडता मात्र ३० ऑक्टोबर १९६९ चा भाग. त्यात समॅन्था मुलांना घेऊन युनिसेफसाठी पैसे जमवायच्या तयारीत असते. हे काल्पनिक नाही. १९५० मध्ये फिलाडेल्फियातल्या काही मुलांनी कँडीऐवजी दुधाच्या रिकाम्या खोक्यांत नाणी गोळा केली आणि १७ डॉलर युनिसेफला दिले, तिथून ही चळवळ वाढली. पुढे अमेरिकेतल्या लाखो मुलांच्या हातात त्या नारिंगी पेट्या आल्या. एन्डोराला हॅलोविनच मान्य नसतं, ती चिडून डॅरिनलाच चेटकीण बनवते, आणि सासू-जावयाचं हे भांडण मिटेपर्यंत मुलं आपली खोळंबून. मनोरंजनात समाजकार्य मिसळलं की ते बेचव होतं असं म्हणणाऱ्यांनी हा भाग बघावा.

कितव्या वर्षापर्यंत ट्रिक-ऑर-ट्रीट करावं?

यावर घरोघरी वाद होतात, आणि टीव्हीवरची काही उत्तम कामं याच वादातून आली आहेत.

‘फ्रीक्स अँड गीक्स’ या मालिकेचा तिसरा भाग, ‘ट्रिक्स अँड ट्रीट्स’, १९९९ च्या ऑक्टोबरअखेरीस एनबीसीवर लागला. गोष्ट १९८० मधली, मिशिगनमधल्या एका उपनगरातली. सॅम हायस्कूलला गेला आहे, पण त्याला आणखी एकदा, शेवटचं, सोंग घेऊन फिरायचंय. तो एका जुन्या विज्ञानपटातला रोबो होतो, एक मित्र टीव्हीवरची ‘बायोनिक वुमन’ होतो, एक विनोदी नट ग्राऊचो मार्क्स. दार उघडणारी माणसं त्यांच्या उंचीकडे बघतात. वाटेत दांडगट मुलं कँडी हिसकावतात. त्याच रात्री सॅमची मोठी बहीण लिंडसे आईला दारावर मदत करायचं सोडून मित्रांच्या गाडीतून भटकायला गेली आहे. अंधारात ती एका पोरावर अंडी मारते आणि तो तिचाच भाऊ निघतो. तिचा चेहरा त्या क्षणी जसा होतो, त्यासाठी तरी हा भाग बघावा.

त्यात आईची वेगळी व्यथा आहे, तिच्याबद्दल खाली लिहिलंय.

दुसऱ्या बाजूने बघायचं असेल तर ‘कर्ब युवर एन्थुझिअ‍ॅझम’चा ७ ऑक्टोबर २००१ चा ‘ट्रिक ऑर ट्रीट’ हा भाग. मालिकेचा नायक लॅरी डेव्हिड याच्या दारात दोन मोठ्या मुली येतात, सोंग नाही, काही नाही, नुसत्या पिशव्या. लॅरी कँडी नाकारतो. सकाळी त्याच्या झाडांवर टॉयलेट पेपर लोंबकळत असतो आणि दारावर शिवी रंगवलेली असते. बाकी जगाने जी धमकी गंमत म्हणून सोडून दिली, ती इथे खरी होते. हा भाग मुलांसाठी अजिबात नाही, भाषा शिवराळ आहे.

माझं मत विचाराल तर सोंगाची मेहनत घेतलेल्या कुठल्याही वयाच्या पोराला कँडी द्यावी. लॅरीचा आक्षेप वयावर कमी आणि सोंग न घेण्यावर जास्त होता, आणि तेवढ्यापुरतं त्याचं बरोबरच होतं.

कँडीत ब्लेड किंवा विष घालतात, हे खरं आहे का? कार्यक्रमांत सारखं येतं.

‘फ्रीक्स अँड गीक्स’मधली आई, जीन, दरवर्षीप्रमाणे हौसेने घरी कुकीज भाजते, वेश करते आणि दारात उभी राहते. पण शेजारच्या आयांना पॅकबंद नसलेला खाऊ नको असतो. काहीतरी घातलेलं असेल, ही भीती. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद एकेका दारघंटीनिशी कमी होत जातो.

ही भीती पसरली कशी, ते समजून घेण्यासारखं आहे. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी अशा बातम्यांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. अनोळखी माणसाने सरसकट वाटलेल्या हॅलोविनच्या खाऊमुळे मूल दगावल्याचं एकही खात्रीशीर प्रकरण त्यांना सापडलं नाही. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये एक आठ वर्षांचा मुलगा सायनाइड घातलेली कँडी खाऊन मेला, पण ती त्याच्या बापानेच विम्याच्या पैशांसाठी दिली होती. त्यानंतर १९८२ मध्ये शिकागोत टायलेनॉल या वेदनाशामकाच्या गोळ्यांत विष मिसळल्याने सात माणसं गेली. तो प्रकार हॅलोविनच्या तोंडावर झाला आणि घराघरांत कँडी तपासायची सवय लागली. कँडी तपासायला हरकत नाही. पण शेजारणीच्या कुकीज कचऱ्यात गेल्या त्या एका अफवेपायी, हे मला सोसवत नाही.

‘फुल बार’ म्हणजे काय? ‘बॉब्स बर्गर्स’मध्ये त्यावरून एवढा गोंधळ का?

बहुतेक घरांत कँडीचे छोटे तुकडे वाटतात, एका घासाचे. पूर्ण आकाराचा चॉकलेट बार देणारं घर म्हणजे श्रीमंताचं किंवा उदाराचं, आणि त्या घराचा पत्ता मुलांमध्ये तोंडोतोंडी फिरतो. ‘बॉब्स बर्गर्स’चा ‘फुल बार्स’ हा भाग ऑक्टोबर २०१२ मध्ये आला. हॉटेल चालवणाऱ्या, जेमतेम कमाईच्या घरातली तीन भावंडं, टीना, जीन आणि लुईस, यंदा आईबाबांशिवाय फिरायला निघतात आणि बोटीने शेजारच्या श्रीमंत बेटावर पोचतात. तिथे दर दारात फुल बार! त्यांच्या आनंदाला पारावार राहत नाही. मग कळतं की त्या बेटावरची मोठी पोरं रात्री लहानांना घेरून त्यांची लूट हिसकावतात. लुईस, वय वर्षं नऊ, आपली कँडी सोडायला साफ नकार देते.

श्रीमंत वस्तीत कँडी चांगली मिळते, ही गोष्ट ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या दुसऱ्या मोसमातही येते. १९८४ सालच्या हॅलोविनला चौघं मित्र ‘घोस्टबस्टर्स’ या सिनेमातल्या भुतं पकडणाऱ्यांच्या वेशात शाळेत जातात आणि बघतात तर बाकी कुणीच सोंग घेतलेलं नाही. तेरा वर्षांच्या मुलांची ती शरम तिथे अचूक टिपली आहे.

‘बॉब्स बर्गर्स’चा २०१३ चा ‘फोर्ट नाइट’ही बघा. मुलं गल्लीतल्या पुठ्ठ्याच्या किल्ल्यात अडकतात आणि बाहेर ट्रिक-ऑर-ट्रीटची वेळ निघून चाललेली असते. दारापर्यंत पोचता न येण्यातूनच दाराची ओढ दाखवली आहे.

‘फ्रेंड्स’मध्ये आहे का काही?

एक आहे, नोव्हेंबर २००१ मधला हॅलोविन पार्टीचा. गरोदर रेचल हौसेने दारावर मुलांना कँडी वाटते. ती संपते, मग ती पैसे देते, शेवटी चेक लिहून देते. तेवढ्यासाठी बघायला मजा येते. भागाचा बाकी जीव पार्टीत आहे.

धार्मिक कारणाने हॅलोविन नको म्हणणाऱ्यांवर काही आहे?

‘किंग ऑफ द हिल’चा ‘हिलोविन’, २६ ऑक्टोबर १९९७. टेक्सासच्या छोट्या गावात एक बाई हॅलोविनला सैतानाचा सण ठरवून तो बंद पाडते, मुलांना घाबरवून चर्चच्या कार्यक्रमाला नेते. हँक हिल हा एरवी अगदी परंपरावादी, चर्चला जाणारा गृहस्थ. तोच आपलं लहानपणचं सैतानाचं सोंग अंगावर चढवून रस्त्यावर उतरतो आणि ‘ट्रिक ऑर ट्रीट’ ओरडत चालू लागतो. हळूहळू घराघरांतून लोक त्याच्यामागे येतात. श्रद्धाळू माणसानेच श्रद्धेच्या नावाखालची भीती झुगारावी, हे मला फार आवडतं.

बाहेरून आलेल्या कुटुंबांची गोष्ट कुणी सांगितली आहे का? आमची मुलं अमेरिकेत वाढताहेत.

‘फ्रेश ऑफ द बोट’चा ऑक्टोबर २०१५ मधला ‘मिरॅकल ऑन डेड स्ट्रीट’ बघा. १९९०च्या दशकातलं ओरलँडो, तैवानी मुळाचं कुटुंब. वडील लुईस हॅलोविनचे शौकीन, आणि नेमकं त्यांच्या गल्लीत पोरं फिरकतच नाहीत. मग ते शेजाऱ्यांना तयार करायच्या मागे लागतात. नव्या देशात आलेल्या माणसाला अनोळखी शेजाऱ्याच्या दारावर जायचं निमित्त वर्षातून एकदा मिळतं, ते हेच. न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या कुठल्याही मराठी घराला हे पटेल.

मराठी कुटुंबाचं असं स्पेशल हवं, असं मला मनापासून वाटतं. विषय तर आयताच आहे. २०१६ मध्ये ३१ ऑक्टोबरला पाडवा होता, २०२४ मध्ये नरकचतुर्दशी. पहाटे अभ्यंगस्नान, फराळ, आणि संध्याकाळी त्याच दारातल्या पणत्यांजवळ कँडीचं भांडं. दारावर दिवा दिसला की मुलं येणारच, आणि दिवाळीत तर प्रत्येक मराठी दारात दिवे असतात. तेव्हा त्या वर्षी कँडी थोडी जास्त आणून ठेवा.

एकाच संध्याकाळी बघायचं तर काय क्रम लावू?

लहान मुलं असतील तर ‘गारफिल्ड’ दुपारी, उजेडात, बाहेर पडायच्या आधी. ‘ग्रेट पम्पकिन’ परत आल्यावर, पिशव्या जमिनीवर उलट्या करून झाल्या की. त्या वेळी मुलांना चार्ली ब्राऊनचे दगड अगदी नीट कळतात, कारण स्वतःच्या कँडीचे ढीग समोर असतात. दहाच्या पुढची मुलं असतील तर ‘फुल बार्स’ जोडा. ‘फ्रीक्स अँड गीक्स’ हायस्कूलमधल्या मुलांबरोबर बघा, विशेषतः ज्यांनी यंदा ‘मी आता मोठा झालो, मी नाही जाणार’ असं सांगितलंय त्यांच्याबरोबर. ‘कर्ब’ मुलं झोपल्यावर.